एकट्या गळ्याची पेटी

गाणाऱ्या माणसाने गाताना हातांचे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच सुटला आहे. पहाटे येणाऱ्या वासुदेवाच्या हाती टाळ-चिपळ्या, शाहिराच्या हाती डफ, भजनीबुवांच्या हाती वीणा नाहीतर एकतारी. बैठकीतल्या गवयाला दुसरे काही नसले तरी तंबोऱ्याच्या तारा असतातच. आणि गाण्याच्या शिकवणीचे मास्तर? डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या आणि तोंडाने ‘हं, पुन्हा म्हण’ असे तीन उद्योग ते एकाच वेळी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या गाणाऱ्याची मात्र ही सोय झालेली नव्हती. शनिवारी रात्री गावच्या ‘पब’मध्ये चार मंडळी जमत. कोणीतरी आग्रह करी, म्हातारबुवा थोडे आढेवेढे घेत आणि मग डोळे मिटून गाऊ लागत. साथ कसलीही नाही. सूर धरायला तंबोरा नाही, ठेका धरायला तबला नाही. हात खिशात किंवा बिअरच्या पेल्याभोवती. गाणे बुडालेल्या जहाजाचे, फसलेल्या पोरीचे नाहीतर फाशी गेलेल्या दरोडेखोराचे, आणि कडवी वीस-पंचवीस. पण त्या उघड्या गाण्यात एक मोठी मौज होती. म्हातारबुवांना वाटेल तिथे ते थांबत, एखाद्या शब्दावर रेंगाळत, दोन कडव्यांच्या मध्ये पेल्याचा घोटही घेत. गाणे त्यांच्या श्वासाने चाले, दुसऱ्या कोणाच्या मात्रांनी नव्हे.

अशा गाण्याला साथ देऊ म्हणणे हे मोठे जोखमीचे काम आहे. साथ द्यावी तर गाणे बांधले जाते; न द्यावी तर रेडिओ आणि तबकड्यांवर वाढलेल्या श्रोत्याला ते कोरडे वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही इंग्रज गायकांनी या पेचातून वाट काढली ती एका सहा कोनांच्या पेटीच्या आधाराने. तिचे नाव कॉन्सर्टिना.

कॉन्सर्टिना म्हणजे अकॉर्डियन नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. हिंदी चित्रपटांतून नायकाच्या छातीवर दिसते ते जडशीळ, पियानोच्या पट्ट्यांचे धूड म्हणजे अकॉर्डियन. कॉन्सर्टिना मिठाईच्या मध्यम डब्याएवढी, दोन तळव्यांच्या मध्ये मावणारी. दोन्ही टोकांना लाकडाच्या किंवा धातूच्या जाळीदार षट्कोनी चकत्या, त्यांवर बोटांनी दाबायची बारीक बटणे आणि मध्ये कातडी घड्यांचा भाता. दुमडून ठेवलेला कागदी आकाशकंदील दिवाळीत आपण उघडतो, तशी ती उघडते आणि मिटते. आतली करामत आपल्या पेटीचीच: चौकटीत एका टोकाला जखडलेली धातूची जीभ, वारा गेला की थरथरते आणि बोलते. नात्याने ही आपल्या हार्मोनियमची चुलत बहीण. फरक इतकाच की आपली पेटी मांडी घालून बसलेल्या माणसाची, आणि ही उभ्याची, चालत्याची, प्रसंगी नाचत्याचीही.

गायकाच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण कोणता? तोंड मोकळे राहते. बासरीवाल्याला गाता येत नाही, हनुवटीखाली व्हायोलिन धरणाऱ्यालाही ते अवघड जाते. कॉन्सर्टिनाला हात दोन्ही लागतात, पण गळ्याला ती शिवत नाही.

ही पेटी कोणा लोहार-सुताराने केलेली नाही. शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘व्हीटस्टन ब्रिज’ ठाऊक असतो; विजेचा रोध मोजण्याच्या त्या प्रयोगाने कितीएकांचे प्रात्यक्षिकाचे गुण खाल्ले असतील! त्याच चार्ल्स व्हीटस्टनने कॉन्सर्टिना बनविली. घराणे वाद्ये बनवणाऱ्यांचे. १८२९ साली त्याने तोंडाने फुंकायच्या एका छोट्या बटणांच्या वाद्याचे पेटंट घेतले आणि त्यालाच पुढे भाता जोडून ही पेटी सिद्ध केली. पुढे तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाला, १८३७ साली कूकबरोबर तारायंत्र उभे केले, दोन डोळ्यांनी चित्र उठावदार दाखवणारे स्टिरिओस्कोप शोधले. गंमत अशी की, ज्या ब्रिजमुळे त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत अमर झाले तो मुळात सॅम्युएल ख्रिस्ती नावाच्या गृहस्थाचा शोध. व्हीटस्टनने तो लोकांपुढे आणला इतकेच. कॉन्सर्टिना मात्र खास त्याची, आणि तिच्यासाठी त्याची आठवण काढणारे थोडे.

शास्त्रज्ञाचा काटेकोरपणा त्या पेटीत पुरेपूर उतरला. इंग्लिश कॉन्सर्टिनात एक सूर डाव्या हाताकडे तर त्याच्या पुढचा उजव्या हाताकडे अशी वाटणी असते. त्यामुळे जलद सरगम दोन्ही हातांनी मिळून, दोघी जावांनी पोळ्या लाटाव्या आणि भाजाव्या तशी निघते. भाता ओढा की दाबा, त्या बटणाचा सूर तोच. आणखी एक गोष्ट आपल्या संगीतप्रेमी वाचकांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. सुरुवातीच्या या पेट्यांत एका सप्तकात बाराऐवजी चौदा सूर असत. आपल्या पेटीत जिथे एकच काळी पट्टी असते, तशा दोन जागी व्हीटस्टनने दोन-दोन बटणे दिली होती, कारण ते सूर वरून येताना आणि खालून जाताना अगदी एक नसतात हे त्याला मान्य होते. आपल्याकडे हार्मोनियममध्ये श्रुती नाहीत म्हणून केवढा वाद झाला! सांगलीच्या कृ. ब. देवलांनी श्रुतींच्या पेटीसाठी जिवाचे रान केले, आणि आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दारच बंद केले. हाच वाद दूर लंडनमध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने गाजावाजा न करता दोन जादा बटणांनी मिटवू पाहिला होता. पुढे तिथेही बारा सुरांचीच सरशी झाली, ते सोडा.

सुरुवातीला ही पेटी दिवाणखान्यातली होती. किंमत कित्येक गिनी, म्हणजे गिऱ्हाईक सधनच. व्हीटस्टनच्या दुकानाच्या विक्रीच्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. हे हॉर्निमन म्हणजे चहाचे बडे व्यापारी. चहाच्या पैशातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९०१ साली लोकांना खुले झाले. १८७० पर्यंतच्या वह्या एका संशोधकाने ओळ न्‌ ओळ तपासल्या, तेव्हा त्यांत जवळजवळ एक हजार स्त्रियांची नावे निघाली. पियानो घरातल्या भिंतीला चिकटलेला. ही पेटी हातात घेऊन बाईला मैत्रिणीकडे जाता येई. जूल्यो रेगोंदी नावाचा गिटारवादक या पेटीवर असा हात चालवी की, तिच्यासाठी मैफलीचे संगीत लिहिले जाऊ लागले.

मग जर्मनांनी हात घातला. खेम्निट्‌झ गावच्या कार्ल ऊलिगने १८३४ साली स्वतंत्रपणे अशीच एक पेटी केली होती. ती सोपी, ओबडधोबड आणि स्वस्त. माउथ ऑर्गनप्रमाणे तीत एकाच बटणाचे दोन सूर, भाता दाबला की एक आणि ओढला की दुसरा. काही शिलिंगांत मिळणारी ही पेटी खोकी भरभरून जगभर गेली. इंग्रज कारागिरांनी तिच्यात सुधारणा केल्या, तिला ‘अँग्लो’ म्हणू लागले, आणि दिवाणखान्यातली बाई पाहता पाहता रस्त्यावर उतरली. हेन्री मेह्यूने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधल्या गोरगरिबांच्या तोंडून त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या, त्यांत टेम्स नदीवरच्या आगबोटींवर कॉन्सर्टिना वाजवून पोट भरणारा एक तरुणही आहे. साल्व्हेशन आर्मीच्या प्रचारकांनी तर तिला आपलेच केले. चौकात उभे राहायचे, पेटी वाजवायची आणि भजन म्हणायचे. आपल्याकडे हरदासांना जी झांज, ती त्यांना ही पेटी. बडी मंडळी अर्थातच तिच्याकडे पाठ फिरवू लागली. जे वाद्य मोलकरणीच्या मुलाच्या हाती दिसते ते आपल्या मुलीच्या हाती कसे द्यायचे, हा विचार कोणत्याही देशात सारखाच.

खलाशी आणि कॉन्सर्टिना ही जोडी चित्रपटांनी फार लोकप्रिय केली आहे. तिच्याबद्दल थोडे सावध असावे. जहाजावरची कामाची गाणी म्हणताना खलाशाचे दोन्ही हात दोरखंडावर असत; पेटी वाजवणार कोण? काम संपल्यावर फळीवर बसून कोणी दोन सूर काढले असतील ते खरे.

१८९९ सालचा नाताळ. सेसिल शार्प नावाचे लंडनचे एक संगीतशिक्षक ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावी सासुरवाडीला आले होते. २६ डिसेंबरला दारात पांढरे कपडे आणि पायांत घुंगरू घातलेली माणसे येऊन नाचू लागली. साथीला अँग्लो कॉन्सर्टिना, वाजवणारा विल्यम किंबर, वय सत्तावीस, धंदा गवंडीकाम. हा नाच खरे म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाचा. पण थंडीमुळे बांधकामे बंद पडलेली, हातात पैसा नाही, म्हणून ही मंडळी अवेळीच बाहेर पडली होती. अवेळी नाचल्याबद्दल किंबरने दिलगिरीही व्यक्त केली म्हणतात. शार्पने त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून चाली उतरवून घेतल्या. इंग्लंडमधील लोकनृत्याचे पुनरुज्जीवन या प्रसंगापासून मोजतात. कारागिरांची उपासमार टळावी म्हणून वाजलेल्या त्या पेटीने एका राष्ट्राला आपले नाच परत दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

शार्पनी पुढे १९०३ पासून गाणीही गोळा केली, हजारोंनी. एका माळ्याच्या तोंडचे गाणे ऐकून सुरुवात झाली. ही गाणी साथीशिवाय गाइलेली होती. पण शहरी घरांत आणि शाळांत ती खपावीत म्हणून शार्पनी त्यांना पियानोची साथ लिहून दिली. इथे घोटाळा झाला, असे मला वाटते. त्यांतल्या कितीतरी चाली आपल्या काफी आणि खमाज थाटांशी मिळणाऱ्या स्वरांच्या. पियानोची साथ त्यांना ओढून बिलावलात बसवू पाहते. शिवाय पियानो वाजवणारी बाई मात्रा मोजते आणि माळीबुवा मोजत नाहीत. गाणी जगली, पण इस्त्री केलेल्या कपड्यांत. एकेका पिढीने ती शाळेत पाठ केली आणि शाळा सुटल्यावर विसरली.

पन्नासच्या दशकात दुसरी लाट आली. कामगारवस्त्यांतली, क्लबांतली, डाव्या विचारांची. एवान मॅककॉल आणि ए. एल. लॉइड हे तिचे अध्वर्यू. त्यांच्या तबकड्यांवर आल्फ एडवर्ड्‌स नावाचा पट्टीचा वादक इंग्लिश कॉन्सर्टिनाची साथ करी. बी.बी.सी.ने १९५८ पासून आगगाडीचे ड्रायव्हर, कोळी, खाणमजूर यांच्या खऱ्या आवाजांभोवती गाणी गुंफून ‘रेडिओ बॅलड्‌स’ केले, त्यांतही त्याची पेटी ऐकू येते. लांब, धरून ठेवलेला, किंचित नाकातला असा तो सूर. तरुण गायकांनी तो ऐकला आणि त्यांच्या लक्षात आले की, गिटारच्या झणत्काराने गाणे लयीला बांधले जाते. या पेटीने मात्र नुसता सूर धरून ठेवता येतो. त्यांना तंबोरा ठाऊक नव्हता, पण त्यांना हवा होता तो तंबोराच.

आता साथीदार कशाला? पेटी आपल्याच हाती घेतली तर? जुन्या म्हातारबुवांसारखे वाटेल तिथे थांबता येईल, कारण भाता ओढणारा आणि श्वास घेणारा माणूस एकच. या पेटीचे सगळे मर्म मला इथे दिसते. तिने गायकाला साथ दिली आणि त्याचे एकटेपणही मोडले नाही.

न्यूकॅसलच्या बाजूचा लुई किलन हा या वाटेवरच्या पहिल्यांपैकी. १९५८ साली त्याने आपल्या गावी लोकगीतांचा क्लब काढण्यात पुढाकार घेतला. खाणींची आणि समुद्राची गाणी तो गाई. पेटी वाजवायची ती हात आखडून. एखादा सूर खाली धरून ठेवायचा, कडवे संपले की दोन ओळी वाजवायच्या. पुढे तो अमेरिकेत गेला आणि तिथल्या गायकांनाही त्याने या पेटीचा नाद लावला. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याने लुइझा जो किलन या नावाने स्त्री म्हणून राहणे पत्करले आणि २०१३ साली या गायिकेचे निधन झाले. पेगी सीगर पाच-सहा वाद्ये वाजवणारी; त्यांत कॉन्सर्टिनाही आली. डेव्हनकडचा टोनी रोझ गिटार आणि कॉन्सर्टिना आलटून पालटून घेई. सँड्रा कर हिचा आवाज तर इंग्लंडमधल्या घराघरांतल्या मुलांनी ऐकला आहे, कारण १९७४ सालच्या ‘बॅगपस’ या चिंध्यांच्या मांजराच्या दूरदर्शन-मालिकेची गाणी तिने आणि जॉन फॉकनरने केली होती. तीही इंग्लिश कॉन्सर्टिना वाजवीत गाणारी. आणि जॉन कर्कपॅट्रिक हा तर पेटी वाजवीत गातो आणि नाचतोही.

हे दिसते तितके सोपे नाही. गळा आणि बोटे यांना वेगवेगळ्या दिशांना पाठवायचे आणि चेहऱ्यावर त्याचे काही दाखवायचे नाही. नवशिक्याची बोटे गाण्याची चालच वाजवू लागतात, आणि मग पेटी व गळा शाळेतल्या मुलांसारखे एकाच सुरात पाठ म्हणत सुटतात. जाणता गायक चाल गळ्यावर सोडतो आणि पेटीवर फक्त आधार ठेवतो. अँग्लोची आणखी एक अडचण आहे. ती ठराविक पट्टीतच रमते. सर्वांत नेहमीची अँग्लो सी आणि जी या स्वरांची, म्हणजे आपली पांढरी एक आणि पांढरी पाच. ज्याचा गळा काळी दोनचा त्याने काय करावे? एक तर गळा ताणावा, नाहीतर वेगळ्या पट्टीची दुसरी पेटी घ्यावी. शिवाय भाता संपत आला की दिशा बदलावी लागते, आणि दिशा बदलली की सूर बदलतो; म्हणजे ओळ कुठे तोडायची हे आधीच मनात हवे. कसलेले गायक भात्याचे वळण आणि ओळीचा विसावा असे एकत्र आणतात की, माणूस गातो आहे की पेटी, हे क्षणभर कळत नाही.

याच स्वस्त जर्मन पेटीची दुसरी कहाणी आफ्रिकेत घडली. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत १८८६ नंतर दूरदूरच्या खेड्यांतून झुलू आणि सोथो तरुण मजुरीला येऊ लागले. घर शेकडो मैल दूर, राहणे पुरुषांच्या बराकींत. मजुरीच्या पैशातून त्यांनी कॉन्सर्टिना घेतल्या. कित्येकांनी त्या उघडून आतले सूर आपल्या गाण्यांना जुळतील असे बदलून घेतले. एकटा माणूस वाट चालतो आहे, हातातली पेटी उघडते-मिटते आहे आणि तो गातो आहे, गावातली बाई, मुकादम आणि परतीचा रस्ता यांबद्दल. गिरणगावात कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या खोल्या ज्यांना आठवतात, त्यांना हे समजावून सांगायला नको.

जॉनी क्लेग हा गोरा मुलगा १९५३ साली इंग्लंडमध्ये जन्मला, वाढला जोहान्सबर्गमध्ये. चौदा-पंधराव्या वर्षी चार्ली म्झिला नावाच्या एका झुलू सफाई कामगाराकडे तो त्यांचे गाणे शिकू लागला. काळ्यांच्या बराकींत गोऱ्याने जाणे कायद्याविरुद्ध. पोलिसांनी पकडले तरी हा पुन्हा तिथेच. झुलू भाषा, गिटार, नाच आणि ती पेटीही त्याने आत्मसात केली. पुढे सिफो म्चुनू या बागकाम करणाऱ्या मित्राबरोबर त्याने ‘जुलुका’ हे गायकमंडळ काढले. जुलुका म्हणजे घाम. १९७९ साली त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली. काळा आणि गोरा एका व्यासपीठावर, एका गाण्यात दोन भाषा. सरकारी रेडिओला ते कसे मानवावे? तरीही गाणे पसरले. क्लेग २०१९ साली वारला. लंडनच्या दुकानात जन्मलेल्या वाद्याची जर्मन भावंडे आफ्रिकेत जातात, तिथले गळे त्यांना आपलेसे करतात आणि तिथून एक इंग्लंडात जन्मलेला मुलगा ते शिकतो, हा उलटा प्रवास मला फार सुरस वाटतो.

परंतु या पंथातला सर्वांत विलक्षण गायक इंग्लंडमधलाच. पीटर बेलॅमी. जन्म १९४४ चा, वाढला नॉरफोकच्या समुद्रकाठी. लांब पिवळे केस, भडक कपडे, रोलिंग स्टोन्सचा भक्त; आणि गायचा मात्र दोनशे वर्षांपूर्वीची गाणी. १९६५ ते १९६९ ‘यंग ट्रॅडिशन’ या त्रिकुटात तो साथीशिवाय गात असे. नंतर एकटा झाला आणि त्याने अँग्लो कॉन्सर्टिना उचलली. आवाज असा की ऐकणाऱ्याला तो एकतर प्राणाहून प्रिय व्हावा, नाहीतर पाच मिनिटांत बाहेर घालवावे. चढा, नाकातला, थरथरता. चेष्टेखोरांनी त्याच्या नावातली अक्षरे उलटीसुलटी करून ‘एल्मर पी. ब्लीटी’ असे नाव तयार केले. त्यातल्या आडनावात बेंबे करणारी मेंढी दडलेली आहे. पण त्या आवाजाखाली त्याची पेटी खरखरीत, आग्रही सूर धरते तेव्हा अंगावर काटा येतो. गोड साथ त्या गळ्याला शोभलीच नसती.

बेलॅमीने मनावर घेतला तो रुडयार्ड किपलिंग. आपल्या मुंबईत, सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत शिकवणाऱ्या बापाच्या घरी १८६५ साली जन्मलेला हा कवी. किपलिंगबद्दल आपले मन सहसा स्वच्छ नसते, आणि ते योग्यच आहे. साम्राज्याची भलामण करणाऱ्याला आपण का म्हणून डोक्यावर घ्यावे? इंग्लंडमधल्या डाव्या विचारांच्या लोकगीत-क्लबांतही त्याचे नाव घेणे अवघडच होते. बेलॅमीचे म्हणणे असे की, या कविता वाचायच्या नाहीतच, गायच्या आहेत. त्यांच्या पोटात जुन्या चाली आहेत. १९७० आणि १९७२ साली त्याने किपलिंगच्या बालकथांतल्या गीतांना चाली लावून दोन तबकड्या काढल्या, १९७७ साली हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांवरची गाणी गाइली. ऐकताना साम्राज्य मागे पडते आणि उन्हात करपलेला, घराची आठवण काढणारा, वरिष्ठांवर चिडलेला एक कंगाल शिपाई पुढे उभा राहतो. कवीपेक्षा गायकाने त्या शिपायाला अधिक न्याय दिला, असे माझे मत आहे.

त्याच १९७७ साली त्याचे सर्वांत मोठे काम पुरे झाले. ‘द ट्रान्सपोर्ट्‌स’ हे गीतनाट्य. विषय खरा घडलेला. हेन्री केबल आणि सुझॅना होम्स हे चोरीच्या गुन्ह्याखाली नॉरिचच्या तुरुंगात पडलेले दोन तरुण जीव. तिथेच त्यांचे जमले, तिथेच १७८६ साली मूल झाले. सुझॅनाला ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या कैदी-जहाजांवर पाठवण्याचा हुकूम आला; जहाजाच्या कप्तानाने मूल घ्यायचे साफ नाकारले. तेव्हा तिला पोचवायला गेलेला तुरुंगाचा शिपाई जॉन सिम्प्सन ते तान्हे पोर मांडीवर घेऊन घोड्यांच्या गाडीतून लंडनला गेला आणि थेट मंत्री लॉर्ड सिडनी यांच्यापुढे उभा राहिला. हुकूम फिरला. आई, बाप आणि मूल एकत्र जहाजावर चढले आणि १७८८ च्या फेब्रुवारीत सिडनीत त्या दोघांचे लग्न लागले. बेलॅमीने या कथेला जुन्या धाटणीच्या, पण स्वतःच्या चाली लावल्या. इंग्लंडमधले नामवंत लोकगायक झाडून सारे गायला आले, ए. एल. लॉइड होते, नॉर्मा आणि माइक वॉटरसन होते, मार्टिन कार्थी होता. तबकडी काढणारी संस्था ‘फ्री रीड’, म्हणजे मोकळी जीभ, पेटीतली तीच. तिचा चालक नील वेन हा कॉन्सर्टिनांचा असा वेडा की, त्याने जमवलेल्या शेकडो पेट्या १९९६ साली हॉर्निमन संग्रहालयाने विकत घेतल्या.

एवढे करूनही बेलॅमीचे पोट त्या गाण्यावर नीट भरेना. ऐंशीच्या दशकात क्लब कमी झाले, बोलावणी घटली. बरोबरीचे गायक त्याला मानत होते, पण कार्यक्रमांची वही रिकामी राहात होती. एकटा गायक आणि त्याची पेटी यांत साथीदाराला बिदागी द्यावी लागत नाही हे खरे. पण वाईट दिवसांत शेजारी बसून चार शब्द बोलणाराही कोणी नसतो. २४ सप्टेंबर १९९१ रोजी यॉर्कशायरमधल्या किथली गावी राहत्या घरी त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपवले. वय सत्तेचाळीस.

त्यानंतर व्हायचे तेच झाले. तरुण गायक त्याच्या तबकड्या शोधू लागले. बर्मिंगहॅमकडचा कोहेन ब्रेथवेट-किलकॉइन याच्यासारखे आजचे तरुण अँग्लो घेऊन एकटे उभे राहतात आणि सभागृहे भरतात. एके काळी जुन्या बाजारात काही पौंडांना पडून असलेल्या चांगल्या इंग्रजी पेट्या आता हजारो पौंडांना जातात आणि नव्या पेटीसाठी कारागिराकडे नाव नोंदवून थांबावे लागते. २०१७ साली ‘द ट्रान्सपोर्ट्‌स’ला चाळीस वर्षे झाली तेव्हा नव्या पिढीने ते पुन्हा रंगभूमीवर आणले, नव्याने ध्वनिमुद्रित केले आणि गावोगाव त्याचे प्रयोग केले. त्या चमूत नॅन्सी कर ही गायिका होती. चिंध्यांच्या मांजराची गाणी गाणाऱ्या सँड्रा करची मुलगी.